हातपाय धुण्याआधी

त्यागराजनगर, बंगळूर
२२ जून १९९७

चि. सौ. सुनंदा हीस अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. हल्ली दुपारी पेन हातात धरलं की डुलकी लागते आणि रात्री अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. वय झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

मुख्य बातमी आधी सांगते. हर्षिता बाळंतपण आटोपून म्हैसूरहून आली. निधी आता तीन महिन्यांची झाली. कपाळ थेट तुझ्या अण्णांचं, आणि झोपेत कपाळाला आठ्याही तशाच घालते, जणू कोणीतरी हिशेब चुकवलाय. त्यांनी नातीला पाहिलं नाही ही एक गोष्ट सोडली तर घरात सगळं ठीक आहे. तिला तेल लावून मीच न्हाऊ घालते. तुझा भाऊ दारात उभा राहून सूचना देतो. मी ऐकत नाही.

अण्णांचा फोटो रविकिरणने त्यांच्याच खोलीत लावलाय, माझ्या कॉटच्या डोक्याशी. दोरी लांब ठेवल्यामुळे तो पुढे कलतो, हे पेपर वाचताना वाकून बसायचे तसा. त्याच्या मागच्या फटीत उन्हाळ्यात चिमण्यांनी घरटं केलं. झरोक्याची काच फुटलेली, तिथून ये-जा. ह्यांनी इतकी वर्षं कट्ट्यावर तांदूळ टाकले, आता पाखरंच त्यांना शोधत आत आली असं मला वाटलं. पिल्लं झाली, मोठी झाली, गेल्या आठवड्यात उडून गेली. हर्षिता म्हणाली, काड्या पडतात, आता काढून टाकूया का. मी निक्षून सांगितलं की त्या घरट्याला या घरात कोणी हात लावायचा नाही, चिमण्या परत येतात. ती ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणून कामाला लागली. बिचारी दमलेली असते, वाद घालायचीही ताकद नाही.

माझ्या अंगाला जरा खाज सुटली आहे. मानेवर, काखेत, कमरेच्या पट्ट्यात लाल पुळ्या आल्यात. रविकिरणच्या मते हा बोअरच्या पाण्याचा प्रताप. तो डोकं दुखलं तरी बोअरलाच दोष देतो, त्यामुळे तू काळजी करू नकोस.

जावईबापूंना नमस्कार. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे ते कळव. म्हातारीची आठवण काढत जा, एवढंच मागणं.

तुझी,
अक्का

——

टिळकवाडी, बेळगाव
४ जुलै १९९७

ती. गं. भा. अक्का हिस सुनंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गं. भा. लिहिताना हात अजून अडखळतो. दर वेळी आधी ‘सौ.’ लिहून जातं आणि मग कागद बदलावा लागतो.

तुझी खाज मला काही बोअरच्या पाण्याची वाटत नाही. ते पाणी तू वीस वर्षं अंगावर घेतेयस. मला संशय हर्षिताच्या त्या वॉशिंग मशीनचा आहे. त्यात कपड्यांतला साबण निघतच नाही. तुझी लुगडी तू वेगळी हाताने धू, नाहीतर मोलकरणीला सांग. अंघोळीच्या पाण्यात कडुनिंबाचा पाला टाक. खोबरेल तेलात कापूर घालून लाव. वांगी, शेंगदाणे, लोणचं बंद. तू लोणचं बंद करणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी मुलगी म्हणून लिहिते.

आणि अक्का, अंगावर काढू नकोस. अण्णांच्या वेळी आपण सगळ्यांनी तेच केलं. रविकिरणला डॉक्टरकडे न्यायला सांग. त्याला वेळ नसेल तर मला कळव, मी येते. खरं सांगायचं तर इथून निघणं कठीण आहे. सासूबाई आता उठवल्याशिवाय उठत नाहीत आणि माझी शाळेतली नोकरीही चालू आहे. पण तू सांगितलंस तर येईन.

चिमण्यांचं वाचून बरं वाटलं. निधीचा एक पापा माझ्या वतीने घे.

इथली काळजी नको, तिथली मात्र लगेच कळव. माया आहेच, पण ती पत्रातून दिसू दे.

तुझी,
सुनंदा

——

बंगळूर
२० जुलै १९९७

चि. सौ. सुनंदास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा कडुनिंब झाला, कापूर झाला, लोणचंसुद्धा सोडलं. काही उपयोग नाही. रविकिरणने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लांबूनच हात पाहिले आणि खरूज आहे म्हणाले. सुनंदा, मला आयुष्यात कधी कोणी असा शब्द लावला नव्हता. तुम्हा पोरांना शाळेत झाली तेव्हा गंधक लावून तुम्हाला उन्हात बसवणारी मी.

गळ्यापासून तळपायापर्यंत लावायचं पांढरं औषध दिलं. घरातल्या सगळ्यांनी लावलं. चादरी उकळल्या. त्यांना कोणाला पहिल्यापासून काही नव्हतंच. माझी खाज दोन दिवस थांबल्यासारखी झाली आणि पुन्हा आली. मग मल्लेश्वरमच्या मोठ्या स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांना काहीच सापडलं नाही. वयाने कातडी कोरडी पडते, आणि नवरा गेल्यावर काही बायकांना मनाची खाज सुटते, असं त्यांनी रविकिरणला कन्नडमध्ये सांगितलं. मी समोरच बसले होते. माझं कन्नड त्या डॉक्टरांपेक्षा जुनं आहे हे त्यांना कोण सांगणार?

आता व्यवस्था अशी आहे. माझं ताट, तांब्या, टॉवेल वेगळे. मी अण्णांच्या खोलीतच राहायचं. हॉलमध्ये यायचं तर आधी हातपाय डेटॉलने धुवायचे, आणि आल्यावरही निधीला फक्त बघायचं, घ्यायचं नाही. कोणी आवाज चढवत नाही. सगळं गोड बोलून चाललंय, म्हणून भांडायलाही जागा नाही. बाळाची कातडी नाजूक, हे मलाही कळतं. तिला आता मोलकरीण न्हाऊ घालते. मी आतून सांगते, टाळूवर पाणी हळू ओत. ऐकू जात असेल नसेल.

दिवसभर पडून असते. जितकी पडते तितकी खाज वाढते, म्हणून आणखी थकवा, म्हणून पुन्हा पडते. चिमण्या मात्र परत आल्या, दुसरी खेप चालू आहे. खोलीत तेवढीच काय ती सोबत.

तू येऊ नकोस. तुझ्या घरी एक म्हातारी आहे, तेवढी पुरे. लिहीत जा. वाचायला डोळे शाबूत आहेत.

अक्का

——

बंगळूर
६ ऑगस्ट १९९७

ती. सौ. सुनंदावन्सं यांना हर्षिताचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मी कधी एकटीने पत्र लिहिलं नाही. तुमच्या भावाने लिहायला हवं होतं. ते रोज लिहितो म्हणतात आणि जेवून झोपतात.

अक्कांनी तुम्हाला सगळं लिहिलं असेल. त्या खोटं लिहिणार नाहीत, पण माझी बाजूही ऐका. रोज त्यांच्या चादरी उकळून वाळत घालते. माझ्या हाताला सतत डेटॉलचा वास. निधी रात्री तीनदा उठते. घरामागे अपार्टमेंटचं काम सुरू झालंय, दिवसा मशीनच्या आवाजाने ती झोपत नाही. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते आणि विमा ऑफिसात रुजू व्हायचंय. वन्सं, मी इतकी दमले आहे की परवा गॅसवर दूध ठेवून उभ्याउभ्या झोपले.

आम्ही अक्कांना तोडून वागतो असं मोलकरीणसुद्धा म्हणाली. पण डॉक्टरांनी खरूज म्हटल्यावर लहान बाळाच्या घरी मी काय करायचं होतं? दुसरे डॉक्टर म्हणाले मनाचं आहे, पण पुळ्या तर डोळ्यांना दिसतात. अक्का औषध नीट लावत नसाव्यात असं मला वाटतं. पाठीला हात पुरत नाही म्हणाल्या, म्हणून मी पट्टीला कापूस बांधून दिलाय. त्यांचं त्यांना लावता येतं.

एक विनंती आहे. काही आठवडे अक्कांना तुमच्याकडे न्याल का? त्यांना हवापालट होईल. मला श्वास घेता येईल. तुमच्या घरी आधीच आजारपण आहे हे ठाऊक असूनही मागते आहे, यावरून ओळखा.

मोठ्यांना नमस्कार. रागावलात तरी नातं राहू द्या.

आपली,
हर्षिता

——

बेळगाव
२ सप्टेंबर १९९७

चि. सौ. हर्षिता हीस सुनंदाचे आशीर्वाद. वि. वि.

रविकिरण अक्काला इथे सोडून गेला त्याला आता पंधरवडा होऊन गेला. आठवड्यातच तिच्या नव्या पुळ्या यायच्या थांबल्या. आता नुसते डाग आहेत. औषध एक थेंब लावलेलं नाही. लोणचं रोज खाते. माझ्या शेजारी, माझ्याच पांघरुणात झोपते. मला काही झालेलं नाही, माझ्या सासूबाईंना नाही, मुलांना नाही.

तेव्हा ती खरूज नव्हती आणि मनाचंही नव्हतं. जे काही आहे ते तुमच्या घरात आहे. नक्की काय, ते शोधणं तुमचं काम.

तिच्या पिशवीत ती कापूस बांधलेली पट्टी निघाली. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, हर्षिताने हुशारीने करून दिली, पाठीला पुरते. तिने कौतुकाने सांगितलं, हर्षिता. मी आत जाऊन रडले आणि मग ती पट्टी मोडून फेकली. तुम्ही दोघं तिच्या पाठीला एकदा हात लावू शकला नाहीत?

दमणं मला शिकवू नकोस. माझ्याही घरी रोजचं उचलणं-बसवणं आहे. पण मी सासूबाईंना काठीने धूत नाही. हे कडू झालं, लिहून झाल्यावर कळलं, पण खोडत नाही.

परत जायचं अक्का नावही काढत नाही. मी विचारलं तर म्हणते, तिथे माझी अडचण होते. स्वतःच्या नवऱ्याने बांधलेल्या घरात. रविकिरणला हे पत्र दाखव.

निधीला आशीर्वाद. तिच्यावर माझा राग नाही.

सुनंदा

——

बंगळूर
१६ सप्टेंबर १९९७

ती. गं. भा. अक्कांस हर्षिताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण वन्संकडचा फोन शेजारच्यांकडे आहे, आणि परक्यांच्या घरात उभं राहून तुम्हाला हे ऐकायला लावणं मला बरं वाटेना.

तुम्ही गेल्यावर मी निधीला घेऊन अण्णांच्या खोलीत झोपायला लागले. मागच्या बांधकामाचा आवाज तिथे कमी येतो. खोली धुतली होती, गादीला ऊन दाखवलं होतं. पाच-सहा दिवसांत माझ्या कमरेला खाज सुटली. मग मानेवर, काखेत लाल पुळ्या. तुमच्यासारख्याच, तिथेच. मग निधीच्या मानेवरही आल्या. तुम्ही बेळगावला होता, अक्का. तुमचे ताट-तांब्या मांडणीवर पालथे पडले होते.

पहिली भीती वाटली ती मला आता पाठीला औषध कोण लावणार याची. रविकिरण आले, माझी पाठ पाहिली आणि त्यांनी सरळ हात लावला. पट्टी शोधली नाही. मला इतकं रडू आलं की ते घाबरले. त्यांना कारण सांगितलं तेव्हा ते कॉटवर बसूनच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निधीला पाजत बसले होते. पांढऱ्या उशीवर खसखशीपेक्षा बारीक काहीतरी हललं. बोटाने दाबलं तर लाल ठिपका उमटला. मग भिंतीकडे पाहिलं. फोटोच्या खालच्या कडेपासून कॉटच्या डोक्यापर्यंत तसलेच बारीक ठिपके चालत होते. अण्णांच्या फोटोमागून ते खाली येत होते.

सेलोटेपला चिकटवून ते आम्ही तिसऱ्याच एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी भिंगाखाली पाहिलं. पाखरांच्या अंगावरचे किडे आहेत, माइट म्हणतात. घरट्यात राहतात, पिल्लांचं रक्त पितात. पिल्लं उडून गेली की उपाशी पडतात आणि जवळ जे ऊबदार अंग असेल त्याच्यावर येतात. चावतात, पण माणसाच्या अंगावर घर करत नाहीत. एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाहीत. त्यांनी हे दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. ते औषध, त्या उकळलेल्या चादरी, ते वेगळं ताट, कशाचीच गरज नव्हती. घरटं काढायचं आणि खोली स्वच्छ करायची, एवढंच होतं.

म्हणजे तुम्हाला ज्या खोलीत बसवलं, आजार त्याच खोलीत होता. तुम्ही जितकं जास्त खाजवत होता तितकं आम्ही तुम्हाला तिथेच राहा म्हणत होतो. याला काय म्हणावं मला कळत नाही. तुमची माफी मागते. वन्संनी लिहिलं ते खरं आहे, मी तुमच्या पाठीला हात लावला नाही.

खोलीला कुलूप लावलंय. निधीच्या पुळ्या बसत आल्या. घरटं अजून तसंच आहे. रविकिरण त्याच दिवशी शिडी घेऊन निघाले होते, मीच अडवलं. त्याला कोणी हात लावायचा नाही असं तुम्ही सांगितलं होतं. म्हणून तुम्हाला विचारते आहे. तुम्ही सांगाल तसं करू.

आणि परत या. मी पुढच्या आठवड्यात रुजू होतेय, म्हणून म्हणत नाही. निधीला सांभाळायला बाई मिळाली आहे. घर तुमचं आहे म्हणून म्हणते.

आशीर्वाद मागायचं धाडस आज होत नाही, तरी द्यावा.

हर्षिता

——

बेळगाव
२५ सप्टेंबर १९९७

चि. सौ. हर्षिता हीस अक्काचे आशीर्वाद. मागायला धाडस कशाला हवं? वि. वि.

तुझं पत्र सुनंदाने मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यात माझ्या हातात दिलं. पुढचं मी वाचलं. आज ती तुझ्याविषयी काही बोललेली नाही, आणि तिला गप्प बसवणं सोपं नाही हे तुला माहीत आहे.

आधी घरट्याचं. शिडीवर चढून अंडी आहेत का ते पाहा. असली तर थांबा, खोलीला कुलूप आहेच. नसली तर काढून टाका. नाकाला फडकं बांधा, घरटं पिशवीत घालून बाहेर नेऊन जाळा, माझी ना नाही. मीच त्याची राखण करत होते. ह्यांच्यासाठी पाखरं आली म्हणून मी खूश, आणि तीच माझं रक्त पीत होती. ह्यांना हे सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते. झरोक्याला जाळी बसवा. तांदूळ मात्र कट्ट्यावर टाकत जा, त्यात पाखरांचा काही दोष नाही.

फोटो पुसून पुन्हा लाव, पण दोरी आखूड करून, भिंतीला चिकटून. आयुष्यभर वाकून बसले. म्हणावं, आता ताठ बसा.

मी रागावले आहे का? हो, रागावले आहे. तू लहान बाळाची आई, तुझ्याजागी मीही घाबरले असते, हे सगळं मला समजतं आणि तरी राग आहे. तो हळूहळू जाईल. मला खाजेचं एवढं वाटलं नव्हतं. त्या खोलीत असताना माझ्या अंगाला त्या किड्यांखेरीज कोणी शिवलं नाही, त्याचं वाटलं. तुला बोचावं म्हणून लिहीत नाही. तसं होतं, म्हणून लिहिते.

पण घरटं तू विचारल्याशिवाय काढलं नाहीस. बाळाला चावलेलं असताना शिडी अडवून उभी राहिलीस. ते वाचलं आणि मी सुनंदाला पिशवी काढायला सांगितली.

पुढच्या रविवारी, पाच तारखेला, रात्रीच्या बसने निघते. सोमवारी सकाळी मॅजेस्टिकला उतरेन. रविकिरणला म्हणावं, ऑटोवाल्याशी आधी भाव ठरव, न विचारता बसायची त्याची जुनी सवय मला माहीत आहे. तूही ये, ऑफिसला स्वल्प उशीर झाला तर चालेल. रात्रभर खिडकीशी बसून मी धुळीने माखलेली असेन. घामाचा वास येत असेल. डेटॉल आणू नकोस, पाण्याची बाटलीही नको. निधीला आण. बसच्या दारातच, मी हातपाय धुण्याआधी, तिला माझ्या हातात दे. मग घरी जाऊ.

बाकी भेटीत. लोभ होता तसाच आहे, जरा थकलाय एवढंच.

अक्का